मताचा धनी कोण? — ग्लॅडस्टन यांचें चरित्र

दुकानांतील मालाचा धनी कोण, हें व्यापाऱ्यास दुसऱ्यास विचारावें लागत नाहीं. वहीखातें उघडलें कीं उत्तर मिळतें. जमिनीचा धनी कोण, हें वकील दस्तऐवज पाहून सांगतो. परंतु मतदाराच्या मताचा धनी कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. मत ज्याचें त्याचेंच, असें उत्तर आज कोणीही देईल. तथापि ज्या इंग्लंडच्या पार्लमेंटचा दाखला पदोपदीं दिला जातो, त्या देशांत हें साधें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत उतरण्यास जवळजवळ सबंध एकोणिसावें शतक खर्ची पडलें. त्या शतकांतील या झगड्याचा साक्षीदार, आरंभीं त्यांतील सुधारणेचा विरोधक आणि पुढें तिचा कर्ता, असा एकच पुरुष दाखवावयाचा झाल्यास विल्यम यूअर्ट ग्लॅडस्टन यांचें नांव घ्यावें लागेल. चार वेळां मुख्य प्रधान झालेल्या या मुत्सद्द्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवतांना त्यांची आरती ओवाळण्याचा आमचा हेतु नाहीं. हिंदुस्थानच्या बाबतींत त्यांच्या कारकीर्दींत जें अन्याय्य झालें तेंही आम्ही सांगणार आहों. राजकीय पक्ष आणि मतदार यांचें नातें कसें असावें व कसें नसावें, हें या एका आयुष्यांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसरीकडे दिसेल.

ग्लॅडस्टन यांचा जन्म २९ डिसेंबर १८०९ रोजीं लिव्हरपूल येथें झाला. त्यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन हे मूळचे स्कॉटलंडचे व्यापारी. धान्याच्या व्यापारांत व पुढें डेमेरारा आणि जमेका येथील उंसाच्या मळ्यांत त्यांनीं अपार संपत्ति मिळविली. त्या मळ्यांत गुलाम राबत असत. १८३३ सालीं पार्लमेंटनें गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हां नुकसानभरपाई गुलामांस न मिळतां मालकांस मिळाली, आणि तींतील एक लाख पौंडांहून अधिक रक्कम जॉन ग्लॅडस्टन यांच्या वांट्यास आली. मुलगा ईटन येथील शाळेंत व ऑक्सफर्ड येथील क्राइस्ट चर्च कॉलेजांत शिकला. १८३१ सालीं ग्रीक-लॅटिन विद्या व गणित या दोन्ही परीक्षांत त्यांस पहिला वर्ग मिळाला. त्याच वर्षीं मताधिकार वाढविण्याच्या बिलाविरुद्ध त्यांनीं विद्यार्थ्यांच्या वादसभेंत केलेलें भाषण फार गाजलें. लॉर्ड लिंकन हे त्यांचे सहाध्यायी. त्यांनीं आपले वडील ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांच्याजवळ या तरुणाची शिफारस केली, आणि १८३२ सालच्या डिसेंबरांत, वयास तेवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ग्लॅडस्टन हे नेवार्क गांवातर्फे हुजूर पक्षाचे सभासद म्हणून कॉमन्स सभेंत गेले. मताधिकारास विरोध हीच त्यांच्या राजकारणाची पहिली पायरी होती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

नेवार्क हें त्या काळच्या अनेक मतदारसंघांप्रमाणें एका उमराव घराण्याच्या मुठींतलें गांव होतें. गांवांतील पुष्कळ घरें ड्यूकच्या मालकीचीं, आणि त्यांत राहणारे दुकानदार व कारागीर हीं त्यांचीं कुळें. मतदान उघड होत असे. मतदारानें मंचापुढें जाऊन आपलें नांव सांगावें, कोणास मत द्यावयाचें तें सर्वांदेखत बोलावें, आणि कारकुनानें तें वहींत लिहून घ्यावें, अशी रीत होती. निवडणूक आटोपल्यावर त्या वह्या अनेक ठिकाणीं छापून विकल्याही जात. कोणत्या कुळानें कोणास मत दिलें हें समजण्यास जमीनदारास हेर ठेवण्याची गरज नव्हती. १८२९ सालच्या पोटनिवडणुकींत ड्यूकच्या माणसाविरुद्ध ज्यांनीं मत दिलें, त्यांच्यापैकीं कित्येकांस घरें सोडण्याच्या नोटिसा मिळाल्या. याबद्दल देशभर ओरड झाली. परंतु आपल्या मालमत्तेचें आपण वाटेल तें करण्यास मुखत्यार आहों, या भूमिकेवरून तो उमराव तसूभरही ढळला नाहीं. अशा जागेवर तरुण ग्लॅडस्टन बसले. त्या जागेचे धनी कागदोपत्रीं नेवार्कचे मतदार होते. वस्तुतः धनी एकटे ड्यूक होते.

१८३२ च्या कायद्यानें या पद्धतीस पहिला धक्का दिला होता. ज्या ओसाड किंवा क्षुद्र गांवांतून उमराव लोक आपले सभासद पाठवीत, अशा ५६ गांवांचें प्रतिनिधित्व त्यानें रद्द केलें; मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स या उद्योगी शहरांस स्वतःचे सभासद दिले; आणि शहरांत वर्षास दहा पौंड भाड्याच्या योग्यतेचें घर किंवा दुकान ज्याचे ताब्यांत आहे त्यास मत दिलें. कारागीर व मजूर बाहेरच राहिले. परंतु याच कायद्यांतील एका रुक्ष कलमानें राजकीय पक्षांस नवें रूप आणलें. मतदारांची यादी दरवर्षीं तयार झाली पाहिजे, असें तें कलम होतें. यादींत आपलीं माणसें घालावयाचीं व प्रतिपक्षाच्या नांवांवर हरकती घ्यावयाच्या, या कामासाठीं दोन्ही पक्षांस गांवोगांव वकील व मुनीम ठेवावे लागले. लंडनमध्यें हुजूर पक्षाचा कार्लटन क्लब १८३२ सालीं व सुधारकांचा रिफॉर्म क्लब १८३६ सालीं निघाला, आणि तेथून या कामाचीं सूत्रें हलूं लागलीं. पार्लमेंटांतील चार घराण्यांचा मेळ एवढाच पक्षाचा अर्थ होता. तो आतां पेठेंत व गल्लींत उतरूं लागला.

ग्लॅडस्टन यांचे राजकीय गुरु सर रॉबर्ट पील. त्यांच्या हाताखालीं व्यापारखात्यांत ग्लॅडस्टन यांनीं कारभाराचें शिक्षण घेतलें. १८४४ सालचा रेल्वेचा कायदा त्यांचाच. दररोज निदान एक गाडी तरी तिसऱ्या वर्गाच्या उतारूंस मैलास एक पेनी दरानें नेणारी असलीच पाहिजे, असें बंधन त्यानें कंपन्यांवर घातलें. जकातींचे आंकडे रोज चाळतां चाळतां त्यांची खात्री झाली कीं, धान्यावरील जड जकात म्हणजे जमीनदारांच्या फायद्यासाठीं गरिबाच्या भाकरीवर बसविलेला कर आहे. पील यांचेंही मत तेंच झालें होतें. १८४५ च्या अखेरीस पील यांनीं त्यांस वसाहतमंत्री नेमलें. त्या काळच्या नियमाप्रमाणें नव्या मंत्र्यास पुन्हां निवडून यावें लागे. ड्यूक ऑफ न्यूकॅसल हे जकातीचे कट्टर अभिमानी. त्यांच्या जोरावर निवडून येऊन त्यांच्याच मताविरुद्ध वागणें ग्लॅडस्टन यांस प्रशस्त वाटलें नाहीं. त्यांनीं नेवार्कची उमेदवारीच केली नाहीं आणि कांहीं महिने कॉमन्स सभेबाहेर राहूनच मंत्रिपद सांभाळलें. मत बदललें तेव्हां ज्याची जागा त्यास त्यांनीं परत केली. त्या वेळीं जागेचा धनी ड्यूक होता म्हणून ती ड्यूकला परत गेली, एवढेंच. धनी पुढें बदलला. पण ऋण फेडण्याची ही रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

१८४६ सालीं धान्यावरील जकातीचा कायदा रद्द झाला. मात्र पील यांच्या स्वतःच्या पक्षांतील सुमारे दोनतृतीयांश सभासदांनीं त्यांच्याविरुद्ध मत दिलें, आणि पक्ष दुभंगला. फुटलेल्या मोठ्या गटाच्या अग्रभागीं बेंजामिन डिझरायली चमकूं लागले. पील यांच्याबरोबर राहिलेल्या थोड्या लोकांत ग्लॅडस्टन होते. पुढें तेरा वर्षें हा गट दोन पक्षांच्या मध्यें तरंगत राहिला. अखेर १८५९ सालच्या जून महिन्यांत लंडनमधील विलिस रूम्स या ठिकाणीं व्हिग, जहाल व पील यांचे अनुयायी अशा तीन गटांची सभा होऊन त्यांची एकजूट झाली, आणि लिबरल अथवा उदारमतवादी पक्षाचा जन्म तेव्हांपासून धरला जातो. ग्लॅडस्टन या पक्षाच्या पहिल्या मंत्रिमंडळांत अर्थमंत्री झाले.

अर्थमंत्री या नात्यानें त्यांनीं जें केलें त्याचें महत्त्व आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. १८५३ च्या अंदाजपत्रकांत त्यांनीं साबणावरील कर काढून टाकला व शेंकडों जिनसांवरील जकाती कमी केल्या किंवा उठविल्या. १८६१ सालीं पोस्टांतील बचतबँक त्यांनींच स्थापन केली. त्यामुळें लहानसहान रक्कम शिल्लक टाकणाऱ्या कष्टकऱ्यास सरकारी हमीची तिजोरी मिळाली. परंतु मतदाराच्या दृष्टीनें सर्वांत दूरगामी गोष्ट म्हणजे कागदावरील कर. या करामुळें वर्तमानपत्रें महाग पडत. १८६० सालीं कर उठविण्याचें बिल कॉमन्स सभेनें मंजूर केलें, तें उमरावांच्या सभेनें फेंकून दिलें. दुसऱ्या वर्षीं ग्लॅडस्टन यांनीं वर्षाच्या सर्व कर-योजना एकाच बिलांत गोंवल्या. उमरावांस आतां सर्व बिल घ्यावें लागे किंवा सर्वच नाकारावें लागे. त्यांनीं मुकाट्यानें घेतलें. कागद स्वस्त झाला, पेनी किमतीचीं पत्रें मजुराच्या हातीं जाऊं लागलीं. मताचा हक्क मिळण्यापूर्वींच मत बनविण्याचें साधन लोकांच्या हातीं पडलें, हा क्रम फार शहाणपणाचा ठरला.

या काळांत ग्लॅडस्टन यांच्या मनांतही पालट झाला. गिरण्यांच्या प्रांतांतील कामगारांच्या सभा त्यांनीं पाहिल्या. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापूस येईनासा होऊन लँकेशायरच्या कामगारांवर उपासमार ओढवली असतां त्यांनीं जो संयम दाखविला, तोही त्यांनीं पाहिला. १८६४ सालीं, विशेष अपात्रता सिद्ध झाल्याखेरीज कोणाही पुरुषास मताधिकारापासून दूर ठेवणें अन्याय्य आहे, अशा आशयाचें विधान त्यांनीं कॉमन्स सभेंत केलें व सनातनी मंडळींत खळबळ उडाली. १८६५ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मतदारांनीं, म्हणजे देशांतील सर्वांत विद्वान म्हणविणाऱ्या मतदारसंघानें, त्यांस पाडलें. लँकेशायरनें त्यांस निवडून दिलें. १८६६ सालचें त्यांचें मताधिकाराचें बिल त्यांच्याच पक्षांतील भित्र्या लोकांनीं हाणून पाडलें. गंमत अशी कीं, पुढच्याच वर्षीं डिझरायली यांनीं त्याहून मोठें बिल हुजूर पक्षाकडून मंजूर करून घेतलें. शहरांतील घरमालक व भाडेकरी कामगारांस मत मिळालें, आणि एकंदर मतदारांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. सुधारणा एका पक्षानें मागावी व दुसऱ्यानें द्यावी, असें इंग्लंडांत वारंवार घडलें आहे. कारण दोन्ही पक्षांची नजर नव्या मतदाराकडे असते. पक्षांच्या चढाओढीचा लोकांस खरा उपयोग होतो तो हाच.

मतदार वाढले तसें त्यांस हांकण्याचें यंत्रही वाढलें. १८६७ च्या कायद्यानें बर्मिंगहॅमला तीन सभासद दिले, पण प्रत्येक मतदारास दोनच मतें दिलीं. उद्देश हा कीं, तिसरी जागा अल्पसंख्य पक्षास मिळावी. तेथील लिबरल पुढाऱ्यांनीं शहराचे विभाग पाडून कोणत्या विभागानें कोणत्या दोघांस मतें द्यावयाचीं याचें कोष्टक मांडलें, मतदारांनीं तें तंतोतंत पाळलें आणि १८६८ सालीं तिन्ही जागा लिबरलांनीं घेतल्या. याच शहरांतून जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकारानें १८७७ सालीं राष्ट्रीय लिबरल संघ निघाला. हुजूर पक्षानेंही १८६७ सालीं आपला राष्ट्रीय संघ व १८७० सालीं मध्यवर्ती कचेरी उघडली. पूर्वीं ड्यूक मतें मोजून देत असे, आतां पक्षाचा चिटणीस देऊं लागला. हा फरक लहान नाहीं, कारण चिटणिसास मतदाराचें मन वळवावें लागतें. तरीपण दुसऱ्याच्या कोष्टकाबरहुकूम मत टाकणारा मतदार पुरता मोकळा झाला, असें कोण म्हणेल?

१८६८ च्या निवडणुकींत लिबरल पक्षास शंभरांहून अधिक मताधिक्य मिळून ग्लॅडस्टन प्रथम मुख्य प्रधान झाले. मौज अशी कीं, त्याच निवडणुकींत ते स्वतः लँकेशायरमध्यें पराभूत झाले व ग्रीनिच येथून निवडून आले. या कारकीर्दींतील कामांची यादी मोठी आहे: आयर्लंडांतील सरकारी धर्मसंस्थेचा राजाश्रय काढणें, प्राथमिक शिक्षणाचा १८७० चा कायदा, सैन्यांतील हुद्दे विकत घेण्याची चाल बंद करणें, न्यायखात्याची पुनर्घटना. आमच्या विषयास महत्त्वाचा तो १८७२ चा गुप्त मतदानाचा कायदा. ग्लॅडस्टन यांस पूर्वीं हें गुप्त मतदान पसंत नव्हतें. मत हा विश्वासानें सोंपविलेला ठेवा आहे, तो उघडपणेंच वापरला पाहिजे, असें अनेक थोर लोकांप्रमाणें त्यांसही वाटे. परंतु १८६८ सालीं जमीनदार व कारखानदार यांनीं केलेल्या दडपशाहीच्या हकीकती चौकशींत बाहेर आल्या, आणि त्यांनीं मत बदललें. उमरावांनीं १८७१ सालीं बिल फेंकलें, १८७२ सालीं तें मान्य करावें लागलें. त्या वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं पाँटिफ्रॅक्ट येथील पोटनिवडणुकींत पार्लमेंटसाठीं पहिलें गुप्त मतदान झालें. दारूच्या पिंपांची व मारामारीची नेहमींची जत्रा त्या दिवशीं बरीच ओसरली. आयर्लंडांत तर जमीनदारांचें राजकीय वर्चस्व या एका कायद्यानें खिळखिळें झालें. १८७४ सालीं स्वराज्यवादी पक्षाचे सुमारें साठ सभासद तेथून निवडून आले.

परंतु मोकळा झालेला मतदार कृतज्ञ असतोच असें नाहीं. १८७४ सालीं ग्लॅडस्टन यांनीं एकाएकीं निवडणूक जाहीर केली व प्राप्तीवरील कर अजिबात काढून टाकण्याचें आश्वासन दिलें. मतदारांनीं तें पुढें केलेलें आमिष घेतलें नाहीं. १८७२ च्या दारूच्या परवान्यांच्या कायद्यानें गुत्तेवाले चिडले होते, शिक्षणाच्या कायद्यानें त्यांच्याच पक्षाचे धर्मपंथी अनुयायी रुसले होते. ज्यांस त्यांनीं पडद्याआड मत देण्याचा हक्क दिला, त्यांनींच पडद्याआड त्यांच्याविरुद्ध मत दिलें. ग्रीनिचमध्यें दोन जागांपैकीं पहिली एका दारू गाळणाऱ्या कारखानदारास मिळाली, आणि ग्लॅडस्टन यांस त्याच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. यावरून कायदा फसला असें कोणी म्हणेल. आमच्या मतें तो कायदा खरा होता याचा हाच पुरावा. स्वतःच्या कर्त्यास पाडण्याची मुभा जो कायदा देतो, तोच मतदारास धनी करतो.

पुढारीपण सोडून ग्लॅडस्टन आपल्या हॉवर्डन येथील घरीं ग्रंथांत व झाडें तोडण्याच्या व्यायामांत रमले. परंतु १८७६ सालीं बल्गेरियांतील कत्तलींच्या वार्ता आल्या, आणि तुर्कांची पाठ राखणाऱ्या डिझरायली यांच्या सरकाराविरुद्ध त्यांनीं एक चोपडें लिहिलें. महिन्याभरांत त्याच्या सुमारे दोन लाख प्रती खपल्या. पुढें १८७९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत व पुन्हां १८८० च्या आरंभीं त्यांनीं स्कॉटलंडांतील मिडलोथियन मतदारसंघांत जो दौरा काढला, त्यानें इंग्लंडचें राजकारण कायमचें बदललें. मुख्य प्रधान होऊं शकणाऱ्या पुरुषानें आगगाडीनें गांवोगांव जाऊन सामान्य जनांपुढें सरकारच्या जमाखर्चाचा व परराष्ट्रधोरणाचा हिशेब मांडावा, हें पूर्वीं शिष्टसंमत नव्हतें. मिडलोथियनचे मतदार होते अवघे सुमारें ३,२००. पण एडिंबरो येथील एका सभेसच वीस हजारांचा समुदाय जमला होता. त्यांतील बहुतेकांस मत नव्हतें. भाषणें तारेनें जाऊन दुसऱ्या दिवशीं देशभरच्या पत्रांत छापून येत, आणि खरा श्रोता तो वाचकच होता. अफगाणिस्तानच्या डोंगराळ खेड्यांतील माणसाचा जीवही परमेश्वराच्या दृष्टीनें इंग्रजाच्या जीवाइतकाच मोलाचा आहे, हें त्यांनीं त्या थंडींत जमलेल्या स्त्रीपुरुषांस सांगितलें. समोरचा उमेदवार बक्ल्यू या बड्या ड्यूकचा वारस होता. ग्लॅडस्टन १,५७९ विरुद्ध १,३६८ मतांनीं निवडून आले. नेवार्कला ज्यांस एका ड्यूकनें हातीं धरून सभेंत पाठविलें, त्यांनींच अठ्ठेचाळीस वर्षांनीं दुसऱ्या ड्यूकच्या घरीं जाऊन त्याच्या मुलाचा पराभव केला.

दुसऱ्या कारकीर्दींत दोन मोठे कायदे झाले. १८८० च्या निवडणुकींत उमेदवारांचा खर्च अधिकृत हिशेबांप्रमाणें सुमारें १७ लाख पौंड झाला होता, आणि लांचलुचपत इतकी माजली होती कीं मॅकल्सफील्ड व सँडविच या गांवांचें प्रतिनिधित्व पुढें काढून घ्यावें लागलें. १८८३ च्या कायद्यानें उमेदवाराच्या खर्चास मतदारांच्या संख्येप्रमाणें मर्यादा घातली. सर्व पैसा एकाच नेमलेल्या प्रतिनिधीच्या हातून खर्च झाला पाहिजे व त्याचा हिशेब सादर झाला पाहिजे असें ठरविलें. मतदारांस भाड्याच्या गाड्यांतून नेणें व दारूच्या दुकानांत कचेऱ्या उघडणें बंद केलें. आणि अपराध्यास तुरुंग दाखविला. १८८५ सालीं मतदार पुष्कळ वाढूनही खर्च सुमारें १० लाख पौंडांवर आला. पैशानें मतें विकत घेण्याचा धंदा नीतीच्या प्रवचनांनीं शतकभर थांबला नव्हता. हिशेब मागणाऱ्या कायद्यानें तो पुष्कळसा थांबला. १८८४ च्या कायद्यानें खेड्यांतील शेतमजूर व खाणकामगार यांस मत मिळून मतदारांची संख्या ३० लाखांच्या घरांतून ५० लाखांच्या पुढें गेली. मात्र स्त्रियांस मत द्यावें ही सूचना ग्लॅडस्टन यांनींच पुढें येऊं दिली नाहीं. हा त्यांच्या उदारपणास लागलेला डाग होय. इंग्लंडच्या स्त्रियांस पुढें १९१८ सालीं अंशतः व १९२८ सालीं पुरुषांच्या बरोबरीनें मत मिळालें.

आतां हिंदुस्थानविषयीं. लॉर्ड लिटन यांनीं १८७८ सालीं देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला, तेव्हां ग्लॅडस्टन यांनीं पार्लमेंटांत त्यास विरोध केला. सत्ता हातीं येतांच त्यांनीं लॉर्ड रिपन यांस इकडे पाठविलें; १८८२ सालीं तो कायदा रद्द झाला, आणि त्याच वर्षीं स्थानिक स्वराज्याचा ठराव निघून नगरपालिकांतील लोकनियुक्त सभासदांस चालना मिळाली. येथवर त्यांचें ऋण मान्य केलें पाहिजे. पण त्याच १८८२ सालीं त्यांच्या सरकारनें अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, इजिप्तवर हिंदी फौज नेली व तिच्या खर्चाचा भार अंशतः हिंदी तिजोरीवर टाकला. त्याच वर्षीं विलायती कापडावरील उरलेली आयात जकातही काढून टाकण्यांत आली. १८७९ सालीं तिचा कांहीं भाग हुजूर पक्षाच्या कारकीर्दींत गेला होता. राहिलेला लिबरल पक्षाच्या कारकीर्दींत गेला. इतर बाबतींत हे पक्ष एकमेकांचे हाडवैरी. या बाबतींत दोघांचें एकमत कां व्हावें? लँकेशायरच्या गिरणीवाल्यास व गिरणीकामगारास मत होतें, मुंबईच्या गिरणीवाल्यास व येथल्या विणकरास नव्हतें, हें त्याचें उत्तर. ज्याच्या हातीं मत नाहीं त्याच्यासाठीं थोर मनाचा पक्षही फार तर हळहळतो; जकात मात्र त्याच्यावरच बसते. १८९२ च्या निवडणुकींत दादाभाई नौरोजी हे लंडनमधील सेंट्रल फिन्सबरी येथून लिबरल पक्षातर्फे बोटांवर मोजण्याइतक्या मताधिक्यानें निवडून आले. पण एका सभासदाच्या आवाजानें ही उणीव भरून येण्याजोगी नव्हती. स्वराज्याची मागणी कां अपरिहार्य होती, हें समजण्यास याहून सोपें गणित नाहीं.

हेंच गणित आयर्लंडनें पार्लमेंटांत मांडून दाखविलें. १८८५ च्या निवडणुकींत लिबरल ३३५, हुजूर २४९ व पार्नेल यांचे स्वराज्यवादी ८६ असे सभासद आले. दोन बड्या पक्षांतील अंतर बरोबर तिसऱ्या पक्षाच्या संख्येइतकें होतें. नव्या व गुप्त मताच्या जोरावर आयर्लंडनें आपली इच्छा निःसंशय सांगितली आहे, असें पाहून ग्लॅडस्टन यांनीं वयाच्या शहात्तराव्या वर्षीं आयरिश स्वराज्याचें बिल आणलें. ८ जून १८८६ रोजीं तें ३४३ विरुद्ध ३१३ मतांनीं पडलें. विरुद्ध मत देणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे ९३ सभासद होते. चेंबरलेन, लॉर्ड हार्टिंग्टन व जॉन ब्राइट यांच्यासारखे जुने सोबती सोडून गेले. ग्लॅडस्टन यांनीं तत्काळ देशाचा कौल मागितला. फुटलेले सभासदही नवें नांव उघडपणें धारण करून महिन्याभरांत आपापल्या मतदारांपुढें उभे राहिले. मतदारांनीं ग्लॅडस्टन यांच्याविरुद्ध निकाल दिला, तो त्यांनीं मानला. परंतु तत्त्व सोडलें नाहीं.

१८९२ सालीं वयाच्या ब्यायशीव्या वर्षीं ते चौथ्यांदा मुख्य प्रधान झाले, तें आयरिश सभासदांच्या आधारावर. १८९३ सालीं दुसरें बिल कॉमन्स सभेनें दीर्घ वादविवादानंतर मंजूर केलें. उमरावांच्या सभेनें तें ४१९ विरुद्ध ४१ मतांनीं फेंकून दिलें. यावर पुन्हां निवडणूक लढवावी असें ग्लॅडस्टन यांच्या मनांत होतें. सहकाऱ्यांनीं साथ दिली नाहीं. १८९४ च्या मार्च महिन्यांत त्यांनीं अधिकार सोडला, आणि कॉमन्स सभेंतील आपल्या शेवटच्या भाषणांत उमरावांच्या या आडमुठेपणावर बोट ठेवून ते बाहेर पडले. १९ मे १८९८ रोजीं हॉवर्डन येथें त्यांचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांस पुरण्यांत आलें. उमरावांचा नकाराधिकार १९११ च्या कायद्यानें लंगडा केला. आयर्लंडच्या मोठ्या भागास १९२२ सालीं वेगळें राज्य मिळालें, पण तें बंड, फांशी व रक्तपात यांच्या मार्गानें. जें शाईनें होण्याजोगें होतें तें रक्तानें लिहावें लागलें.

या चरित्रावरून आम्ही काय घ्यावें? आमच्या देशांतील १९५१ चा निवडणुकीचा कायदा पाहिल्यास गुप्त मतदान, खर्चाची मर्यादा, हिशेब, भ्रष्ट आचरणाबद्दल न्यायालयांत दाद हीं सर्व कलमें त्याच घराण्यांतलीं दिसतात. परंतु १८८३ च्या कायद्यांत एक भोंक होतें: मर्यादा उमेदवारास होती, पक्षास नव्हती. इंग्लंडनें तें भोंक २००० सालीं नवा कायदा करून बुजविलें. आमच्या येथें तें अद्याप उघडेंच आहे. दुसरी गोष्ट पक्षांतराची. १९८५ सालच्या घटनादुरुस्तीनें पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाची जागा जाऊं शकते. खुर्चीसाठीं होणारा घोडेबाजार थांबावा, हा तिचा हेतु चांगला. पण १८८६ च्या त्या ९३ जणांसारखा विवेकानें वेगळा होणारा सभासद आणि थैलीसाठीं पळणारा सभासद, यांतील भेद कलमास ओळखतां येत नाहीं. तो ओळखण्याची कसोटी ग्लॅडस्टन यांच्या आयुष्यांत आहे: मत बदललेला माणूस जागा घट्ट धरून बसतो, कीं ती ज्याची त्यास परत करून पुन्हां कौल मागतो? ही कसोटी लावण्याचें काम न्यायाधीशाचें नाहीं; तें मतदाराचेंच आहे.

आणि मतदाराकडे पाहावें तों काय दिसतें? ड्यूक गेले, पण जातीचा पुढारी मतें मोजून देतो. उघड वही गेली, पण वस्तीचा ठेकेदार आंकडा आधींच सांगतो. सुशिक्षित व्यापारी राजकारण घाणेरडें म्हणून त्या दिवशीं दुकानाच्या गादीवरून उठत नाहीं, आणि वर्षभर करांबद्दल मात्र कुरकुरतो. अशा गृहस्थास आमचें एकच सांगणें आहे. जमिनीच्या बाबतींत मुदतीचा कायदा असा आहे कीं, धनी झोंपला व दुसऱ्यानें उघडपणें बारा वर्षें कबजा वहिवाटला, तर धन्याचा हक्कच बुडतो. मताच्या बाबतींत तितकाही अवकाश मिळत नाहीं. तेथें एका निवडणुकीची झोंप पुरते. कागद तुमच्या नांवाचा आहे, सही तुमची आहे, पडदाही तुमच्यासाठींच टांगला आहे. कबजा मात्र ज्याचा त्यानेंच घ्यावयाचा असतो.